पुढे जाणाऱ्याची घंटा

उमापूर,
५ ऑक्टोबर २०२५

चि. ऋतुजा हिस,
आईचे ओंजळभर आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत. तिकडचं बरं-वाईट मी तुझ्या अक्षरावरून ओळखते. या खेपेला अक्षर घाईचं वाटलं. जेवण वेळेवर करत जा.

पोस्टमन पत्र देऊन गेला तेव्हा नाथा म्हणाला, की हातात फोन असताना अक्का कागद कामून वाया घालवती. तुझ्या भावाला कोण समजावणार. फोनवर तू बोलायला लागलीस की इकडं सुग्रीव काका कान लावून बसतात, नाथा मध्येच तोंड घालतो, आणि बोलणं संपलं की हातात काही उरत नाही. पत्र मेंढ्या बसल्यावर पुन्हा काढून वाचता येतं. तू बीडच्या वसतिगृहात गेलीस तेव्हा तुझ्या वडिलांनी ही सवय लावली. स्वतःला लिहिता येत नव्हतं, पण मला पुढं बसवून एकेक ओळ सांगायचे आणि लिहून झालं की उलटा कागद धरून बघायचे. ते गेले तरी सवय राहिली, हे चांगलंच झालं.

पाऊस यंदा लई झाला. गोदावरी शेतात शिरून परत गेली. मेंढ्यांचे खूर नासले होते, आता बरे आहेत. गवत मात्र मायंदाळ आहे.

काल बायनाबाई भाकरीला पीठ मागायला आली होती. तिनं विचारलं, तुझी पोर बेंगळुरात काय करती. मी म्हटलं, चंद्रावर पाठवायच्या गाडीची चाकं करते. तिनं विचारलं, त्यात बसतं कोण. मी म्हटलं, कुणीच नाही. मग ती एवढी हसली की पीठ सांडलं. बसायचं कुणी न्हाई तर गाडी जाती कशाला, असं म्हणाली. काकांनी लगेच हात धुऊन घेतले. म्हणाले, आपल्या नदीवर मेंढरांपुरता पूल बांधायला सरकारकडं पैसा न्हाई, अन् चंद्रावर रिकामी गाडी पाठवायला हाय. मला तुझी बाजू घ्यायची होती. म्हणून तुलाच विचारते. कशाला जाते गं ती?

आणि एक. दोन वर्षांपूर्वी जी गाडी गेली, तिला तिथं झोपवली आणि ती उठली नाही, असं तू सांगितलं होतंस. मग बघायला कुणी गेलं का? अजून तिथंच उभी आहे का एकटी? आपल्याकडं पुढं चालणाऱ्या जनावराला घंटा तरी असते. मागच्यांना कळतं, की आहे म्हणून. तिच्या गळ्यात काय बांधलं होतं?

माया आहे तशीच ठेव.
तुझी आई,
सत्यभामा


बेंगळुरू,
१४ ऑक्टोबर २०२५

ती. आईस,
सा. न. वि. वि. तुझं पत्र डब्यासोबत वाचलं, म्हणजे जेवणही वेळेवर झालं हे सिद्ध होतं.

बायनाबाईला माझा नमस्कार सांग आणि सांडलेलं पीठ माझ्या नावावर धर.

आई, मी जिथं काम करते ती जागा तुला एकदा दाखवायची आहे. मोठी शेडच आहे, पण आतून भिंती काळ्या. खाली दगड दळून केलेली राखाडी माती, पिठासारखी. एका कोपऱ्यात एकच प्रखर दिवा, तो आमचा सूर्य. दरवाजा लावला की बाहेरचा रस्ता, भाजीवाले, हॉर्न सगळं नाहीसं होतं. त्या मातीत आमची गाडी मुंगीच्या चालीनं जाते आणि मी तिच्या मागं, तोंडाला फडकं बांधून. सावल्या एवढ्या लांब पडतात की माझी सावली मलाच ओळखू येत नाही. तिथून बाहेर आले की दुपारचं ऊनसुद्धा स्वप्नात पडल्यासारखं वाटतं, आणि रिक्षावाल्यानं कुठं जायचं विचारलं की मला क्षणभर सुचत नाही.

आता तुझा प्रश्न. मागच्या महिन्यात आमच्याकडं लोकांना बघायला मोकळीक होती, तेव्हा एका म्हाताऱ्या गृहस्थांनी अगदी काकांसारखंच विचारलं. मी आम्हाला शिकवलेलं उत्तर दिलं. यातून नवीन यंत्रं निघतात, पोरं शिकतात, पैसा चंद्रावर टाकत नाही, तो इथल्याच माणसांच्या पगारात जातो. त्यांनी पाढे म्हणणाऱ्या पोराचं ऐकावं तसं ऐकलं आणि मान हलवली. मला रात्रभर चुटपुट लागली. यातलं खोटं काही नव्हतं, पण मी त्यासाठी तिथं जात नाही हेही खरं.

मला वाटतं ते असं. माणूस पाठवायचा तर त्याला पाणी लागतं, श्वास लागतो, आणि परतीची वाट लागते. यंत्राला यातलं काही लागत नाही. म्हणून ते स्वस्त. आणि जिथं कुणाचंच पाऊल पडलेलं नाही तिथली माती कशी आहे, हे घरबसल्या कळणं यात मला काहीतरी फार सुंदर वाटतं. ते कुणाच्या पोटाला लागत नाही, मान्य. पूल आधी की चंद्र आधी असं कुणी मला विचारलं तर मी पूलच म्हणेन. पण तसं कुणी विचारत नाही, आणि चंद्रावर गाडी गेली नसती तर आपल्याकडं पूल झाला असता असंही मला वाटत नाही. काकांना हे सांगू नकोस, ते दिवाळीपर्यंत वाद घालतील.

ती गाडी तिथंच आहे. तिच्या अंगावरची उन्हं धरायची पाटी, ज्या बाजूला सूर्य उगवणार त्या बाजूला वळवून तिला झोपवली होती. तिथली रात्र आपल्या पंधरवड्याएवढी, आणि थंडी एवढी की लोखंड तडकावं. सकाळ झाल्यावर इथून हाका मारल्या. मी तेव्हा शिकत होते, वसतिगृहात सगळ्या मुली टीव्हीसमोर बसलो होतो. उत्तर आलं नाही. मी रडले आणि मग लाजले. बघायला कुणी गेलं नाही, कुणी जाऊ शकत नाही. आणि घंटा बांधली असती तरी वाजली नसती, आई. तिथं हवाच नाही.

दिवाळीला येता येत नाही. नाथाला भाऊबीजेची ओवाळणी उधार म्हणून सांग, व्याज लावणार आहे. सर्वांवर आहे तसा जीव असू द्यावा.
तुझी,
ऋतुजा


उमापूर,
२६ ऑक्टोबर २०२५

चि. ऋतुजा हिस,
अनेक आशीर्वाद. दिवाळी झाली. तुझ्या वाटणीच्या करंज्या नाथानं खाल्ल्या आणि वर म्हणाला, की अक्काच्या व्याजात वळते करा.

तुझं पत्र मी वाचलं आणि काकांनाही वाचून दाखवलं, पुलाचं वगळून. ती राखाडी माती आणि लांब सावल्या ऐकताना ते पुढं सरकून बसले. मग म्हणाले, उन्हाळ्यात नदीचं पात्र असंच दिसतंय की, त्यासाठी एवढ्या लांब कशाला जायचं.

आता मी नदीचंच लिहिते. थट्टेचं पत्र नाही हे.

पाणी उतरलं आहे. इकडचं गवत संपत आलं, पलीकडं अंबडच्या बाजूला रानं मोकळी होत आहेत आणि शेतकऱ्यांनी खतासाठी शेतात मेंढ्या बसवायला बोलावलंय. दरवर्षी म्हसोबाच्या दगडापासून उतारानं आपण पलीकडं जातो, गुडघाभर पाण्यातून. पण पावसाआधी वाळूवाल्यांनी तिथं मशीन लावून खोदलं. नंतर पुरानं सगळं झाकलं. वरून पाणी एकसारखं सपाट दिसतं, खाली कुठं जमीन आहे आणि कुठं नाही ते कुणाला ठाऊक नाही. शहागडच्या पुलावरून जायचं तर दोन दिवसांचा वळसा, आणि पुलावर ट्रकांच्या रांगा. मागं एका ट्रकानं आपली जनावरं चिरडली होती ते तुला आठवत असेल.

काकांचे गुडघे गेले. म्हणून यंदा नाथा पुढं जाणार, काठीनं उतार बघणार, मग मेंढ्या सोडणार. त्यानं ठरवलंय. मी नको म्हटलं तर म्हणतो, काठी हाय की माझ्याकडं.

ऋतू, तुझे अण्णासुद्धा काठी घेऊनच गेले होते. मोरी शेळी पुढं होती, ती खड्ड्यात गेली, आणि तिला धरायला ते गेले. मोरी पोहून निघाली.

मी हे कुणापाशी बोलत नाही, नाथापाशी तर नाहीच. तो त्या वेळी लहान होता, त्याला वाटतं वडील पुरात गेले. तुझ्या चंद्राच्या गाडीवर मी उगाच प्रश्न विचारत नव्हते. पुढं कुणाला तरी पाठवल्याशिवाय मागच्यांचं भागत नाही, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना कळतं. पण ज्याला पाठवलं त्याची वाट बघायची कशी, हे तुम्ही शिकलेल्या लोकांनी कुठं लिहून ठेवलं असेल तर मला कळव. येत्या अमावास्येनंतर निघायचं म्हणतात.

लोभ तर आहेच, या खेपेला जरा बळही पाठव.
तुझी आई


बेंगळुरू,
२ नोव्हेंबर २०२५

ती. आईस,
सा. न. वि. वि. नाथाला मी फोन केला आहे आणि शपथ घातली आहे, की माझं पार्सल येईपर्यंत नदीत पाय घालायचा नाही. तो हसला, पण शपथ मोडणार नाही.

कॉलेजात शेवटच्या वर्षी आम्ही मैत्रिणींनी एक गाडी केली होती. सहा चाकांची, पाटाएवढी, जड. ती शिवकन्याकडं संभाजीनगरला माळ्यावर धूळ खात पडली होती. तिनं मोटरच्या पेटीत पाणी शिरू नये म्हणून मेण आणि रबर लावून दिलं आहे आणि एसटीच्या पार्सलनं गेवराईला पाठवली आहे. ती चंद्राची नाही, सरकारचीही नाही, आपली आहे. तिच्या पाठीवर एक उंच काठी लावली आहे, तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची. गाडी पाण्यातून तळावर चालेल, काठी वर दिसत राहील. किती पट्टे बुडाले त्यावरून किती पाणी ते काठावरून कळेल. लांब वायर आहे, तिच्या टोकाला पुढं-मागं-डावं-उजवं अशी चार बटणं. नाथाला जमेल, तो मोबाइलवर याहून अवघड खेळ खेळतो. त्यानं काठावरच उभं राहायचं. गाडीवर कसलंही ओझं ठेवायचं नाही, एवढं सांभाळा.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर कुठं लिहिलेलं मला माहीत नाही. पण एक सांगते, जे इथल्या शेडमध्ये कुणाला सांगितलेलं नाही.

मला एक स्वप्न पडतं. चंद्रावर अण्णा चाललेत, खांद्यावर घोंगडी, मागं सगळी मेंढरं. सगळं राखाडी आणि शांत. मेंढ्यांची पावलं मातीत उमटतात ती खुरांची नसतात, माझ्या चाकांची असतात. अण्णा थांबतात, वळतात आणि विचारतात, ऋतू, पुढची जमीन धरंल का गं? मी सांगायला तोंड उघडते आणि आवाज येत नाही, कारण तिथं हवा नाही.

लोक म्हणतात मी चंद्रासाठी हे शिकले. मी एवढंच शिकले आई, की पुढची जमीन धरेल की नाही. मऊ जमिनीत चाक कधी रुततं, कधी निघतं, एवढीच माझी विद्या. ती चंद्रावर चालते हा योगायोग आहे. त्या गृहस्थांना मी हे सांगायला हवं होतं.

गाडी बुडाली तरी मला वाईट वाटणार नाही. नाथाला हे दोनदा सांग. तुम्ही सगळे मला काठावर हवे आहात.

जीव लावून असणारी,
ऋतुजा


उमापूर,
२३ नोव्हेंबर २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. आई लिहीत नाही म्हणून मी लिहितो. शुद्धलेखन बघू नको.

अक्का, गाडी गेली. मी आधीच पाया पडतो.

गेवराईच्या स्टँडवरून गाडी मीच आणली. पार्सलवाल्यानं विचारलं, हे काय हाय बे, रणगाडा का? गावात सगळे बघायला आले. बायनाबाईनं आत डोकावून बघितलं, खरंच कुणी बसलंय का म्हणून. आईनं हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. मग घरात गेली आणि ट्रंकेतून मोरीची घंटा घेऊन आली. तीच, फडक्यात बांधलेली. लोकरीच्या दोरीनं गाडीच्या पुढच्या दांडीला बांधली. मी म्हणालो, अक्कानं काही ठेवू नका म्हणून सांगितलंय. तर म्हणाली, ओझं ठेवू नका म्हणाली, घंटा काय ओझं हाय का? अन् इथं हवा हाय ना? मग वाजंल की. मी तिच्याशी काय वाद घालणार. तुला म्हणून सांगतो, तिचा चेहरा बघून मी गाडी उचलून काठावर नेली.

गाडी पाण्यात गेली तेव्हा मला लई भारी वाटलं. काठी पुढं सरकत होती, आधी एक पट्टा बुडाला, मग दुसरा. पाण्यातून घंटा अशी यायची की जवळ हाय का लांब ते कळंना. निम्मी नदी पार झाली. मग गाडी थांबली. दोरी भिजून चाकात गुंडाळली असणार. मी मागं घ्यायला बटण दाबलं, तर ती एका अंगाला वळली, काठी वाकडी झाली, आणि सगळे पट्टे एकदम पाण्यात. वायर माझ्या हातातून ओढली गेली आणि तुटली.

तिथं उतार नव्हताच अक्का. आपली नेहमीची वाट होती ती, बरोबर मधोमध.

तू शपथ घातली होतीस, पण ती पार्सल येईपर्यंतची होती. तुझी एवढी मेहनतीची गाडी, ती समोर बुडताना बघून मी सदरा काढला. जागा मला कळली होती, दोन बुड्या मारल्या असत्या तर मिळाली असती. पण आई मध्ये आली. पुढचं ती लिहील. तेव्हापासून ती रागात दिसत नाही. मला बघून उगाच हसते, त्याची मला जास्त भीती वाटते.

काकांनी म्हसोबापाशी बांबू रोवून तांबडं फडकं बांधलंय, पलीकडच्या लोकांनाही निरोप दिलाय, की इकडून कुणी उतरू नका. आपण परवा शहागडवरून निघतो.

रागावू नको. व्याज माफ कर.
तुझा भाऊ,
नाथा


अंबडच्या बाजूला, मुक्काम शेतात,
४ डिसेंबर २०२५

चि. ऋतुजा हिस,
आईचे भरून आशीर्वाद. आम्ही पुलावरून सुखरूप पलीकडं आलो. काका लंगडत पुढं, हातात तांबडं फडकं. ट्रकवाले शिव्या देतील म्हणून मी भीत होते, पण एक ड्रायव्हर स्वतः खाली उतरला आणि आपल्याच ट्रकसमोर हात पसरून उभा राहिला, शेवटची मेंढी जाईपर्यंत. काका आता भेटेल त्याला सांगतात, आमच्या पुतणीनं चंद्राची गाडी पाठवून आम्हाला शहागडचा पूल दाखवला, जो मला जन्मापासून ठाऊक हाय. पण म्हसोबापाशी फडकं बांधायला दुखऱ्या गुडघ्यांनी तेच गेले होते. बांबू स्वतः निवडला.

तू नाथाला लिहिलंस ते त्यानं मला वाचून दाखवलं. रागावली नाहीस हे बरं केलंस. गाडी माझ्यामुळं गेली. दोरीचं माझ्या ध्यानात आलं नाही. पुढं जाणाऱ्याला घंटा न बांधता सोडायचं माझ्या हातून झालंच नसतं, मग ते यंत्र का असेना.

नाथानं सदरा काढला. त्याची नजर पाण्यावर होती, अगदी त्या जागेवर. मी त्याचा दंड धरला आणि म्हणाले, राहू दे. तो म्हणाला, आई, अक्काची गाडी हाय ती. मी म्हणाले, राहू दे, नाथा. तो ओढत होता आणि मी सोडत नव्हते. पाण्यात एकदा घंटा वाजली, मग थोड्या वेळानं पुन्हा, मग नाही. त्यानंतर तो माझ्यासोबत काठावर खाली बसला.

तुझे वडील गेले त्या दिवशी मी नदीवर नव्हते. चुलीपाशी होते. संध्याकाळी लांबून मोरीची घंटा ऐकू आली. मला वाटलं, आले. गरम मिळावी म्हणून मी तव्यावर भाकरी टाकली. मोरी दारात आली, ओली, एकटी. मी तिच्या मागं बघत राहिले. भाकरी जळाली तरी बघत राहिले. तेव्हापासून मला सारखं वाटायचं, की मी तिथं असते तर फक्त दोन शब्द बोलले असते. ते मोरीमागं निघताना राहू द्या म्हणाले असते. ते दोन शब्द एवढी वर्षं माझ्या तोंडात तसेच होते. या खेपेला मी काठावर होते, आणि ऋतू, ते शब्द कामाला आले.

नाथाला मी आता सगळं सांगितलं आहे. तो घोंगडीत तोंड घालून बराच वेळ पडून राहिला. मग उठून मेंढ्यांकडं गेला.

बायनाबाईला निघताना मी उत्तर देऊन आले. त्यात कुणी बसत नाही, म्हणूनच ती पाठवायची, असं म्हणाले. ती हसली नाही. पूल मात्र हवाच, हे तू त्या लोकांना माझ्या नावानं सांग. तुझा चंद्र राहू दे, आणि आमचा पूलही होऊ दे. दोन्ही मागायला काय हरकत आहे.

इथं रान मोकळं आहे, आणि आज चंद्र एवढा मोठा उगवला की मेंढ्यांच्या पाठी पांढऱ्या दिसतात. मी पाल ठोकताना सारखी वर बघत होते. ती झोपलेली गाडी तिथं एकटी उभी आहे याचं मला आधी फार वाटायचं. आता वाटत नाही. तिला हाका मारून उत्तर आलं नाही, तेव्हा लोक रडले असतील तुझ्यासारखे, पण तिच्यामागं कुणाला जावं लागलं नाही. ती पाठवणारे सगळे आज आपापल्या घरी जेवत असतील.

उन्हाळ्यात नदी आटली की ये. घंटा वाळूत कुठं असली तर दोघी मिळून शोधू, नसली तर नसू दे. लिहायचं पुष्कळ आहे, पण इथंच थांबते. नाथा मेंढ्या बसवून आला आहे, हातपाय धुतो आहे, त्याला गरम भाकरी टाकायची आहे.

तुझी आई